जुन्या खिडक्या, एक दार आणि पलंगाची जाळी: अकरा महिने बागेत वापरून

घराची डागडुजी काढली तेव्हा लाकडी खिडक्या, एक दार आणि जुना लोखंडी पलंग असं सगळं निघालं, भंगारात द्यायचं जिवावर आलं म्हणून बागेतच लावून टाकलं. आता अकरा महिने झालेत, अख्खा पावसाळा अंगावरून गेलाय, तर कसं टिकलं ते लिहिते.

आधी फसलेलं. दार आडवं टाकून कुंड्या भरायचं टेबल केलं होतं, दिसायला झकास, पण ते निघालं फ्लश डोअर. पहिल्याच जोरदार पावसात कुलपाच्या भोकातून पाणी आत गेलं आणि आत काय तर नुसती पुठ्ठ्याची जाळी! आठवड्यात पोट फुगल्यासारखं झालं, कडेने प्लायचे पापुद्रे सुटले आणि मी मातीची गोणी ठेवली तेव्हा कोपरा सरळ खाली बसला. दार उचलायच्या आधी ठोकून बघा, पोकळ वाजलं तर बागेसाठी विसरा.

खिडक्यांचा मात्र रोपांसाठी काचेचा पेटारा केला आणि तो जमला. मागची बाजू ४५ सेंमी, पुढची ३०, म्हणजे झाकणाला उतार येतो, पाणी वाहून जातं आणि ऊनही नीट आत येतं. बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या, तेल घातल्यावर मस्त चालल्या. रंग काढायला जरा वेळ गेला, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर न मारता ओला करून पत्रीने खरवडला, मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून. निघालेला चुरा मातीत पडू द्यायचा नाही, त्याच मातीत आपण भाजी लावणार असतो. काचेभोवतीची लांबी (काच बसवायची पुट्टी) वाळून तिचे टवके पडत होते, ती सगळी काढून नवीन भरली, नाहीतर पाणी तिथेच मुरतं आणि चौकट आतून कुजते.

जुनं लाकूड इतकं सुकलेलं असतं की थेट स्क्रू मारला की चिरतं, माझ्या दोन पट्ट्या अशाच गेल्या. मग शेजारचे काका म्हणाले, "अगं आधी बारीक भोक पाड आणि स्क्रूला साबण चोळ." साबणाचं खरं वाटलं नव्हतं पण लोण्यात गेल्यासारखा गेला. तेव्हापासून साबणाचा तुकडा टूलबॉक्समध्येच असतो.

तक्रारी दोन. एक म्हणजे वजन. ४ मिमी काच चौरस मीटरला १० किलो भरते, त्यात चौकटीचं वेगळं, आणि मी झाकण नुसत्या काठीच्या टेकूवर ठेवायचे. एका दुपारी वारा आला, काठी सटकली, झाकण आपटलं आणि काच गेली, रोपांत तुकडे वेचत बसले. आता दोन्ही बाजूंना साखळी आणि कडी. दुसरी म्हणजे उन्हात पेटारा बंद राहिला की आत भट्टी होते, बाहेर बरं वाटत असतं आणि आत रोपं माना टाकतात. सकाळी ऊन आलं की झाकण फटीएवढं उघडायचंच, एकदा विसरले तर टोमॅटोचा अख्खा ट्रे गेला.

पलंगाची स्प्रिंगची जाळी उभी करून काकडीचा वेल चढवला, यात करण्यासारखं काहीच नाही इतकं सोपं, फक्त वेल भरला की जाळीचं शीड होतं, वाऱ्याने एकदा तिरकी झाली मग खांब ६० सेंमी खोल गाडले. गंज आहे, वेलाला काही फरक पडत नाही, माझ्या बोटांना पडतो, हातमोजे घाला.

आणि सगळीकडे दिसलेली एक गोष्ट, लाकूड ऊन-पावसाने फारसं गेलं नाही, जिथे मातीला टेकलं तिथेच गेलं. पेटाऱ्याचे तीन पाय विटांवर आहेत ते ठणठणीत, चौथ्याखालची वीट मी दुसऱ्या कामाला काढली आणि परत ठेवायची राहिली, त्यात आता स्क्रूड्रायव्हर सहज बोटभर आत जातो. या रविवारी तो पाय कापून नवीन तुकडा जोडायचाय, दाराच्या चौकटीचं सागवान पडलंय अजून.