पीएस ५ की एक्सबॉक्स सिरीज एस? आधी बघा, स्टुडिओ कुणाचा

सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन ५) घ्यायचा की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस? नागपुरात बर्डीवरच्या दुकानात गेलं की बोलणं टेराफ्लॉप (चिपची ताकद) आणि ‘फोर के’ (चित्राचा बारकावा) यांवरच अडकतं. खरं तर आधी विचारायचं ते हे: आपल्याला हवे असलेले गेम बनवणारे स्टुडिओ कुणाच्या ताब्यात आहेत?

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये स्टारफिल्ड, डूमसारखे गेम काढणाऱ्या बेथेस्डाची मूळ कंपनी झेनिमॅक्स ७.५ अब्ज डॉलरला घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाली ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्जांना. दुसरा सौदा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने अडवला होता. क्लाउड स्ट्रीमिंगचे (इंटरनेटवरून थेट गेम खेळवण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला दिल्यावर तो सुटला. सोनीला धास्ती होती ती कॉल ऑफ ड्यूटी हातचा जाण्याची. त्यावर दहा वर्षांचा करार झाला, त्यामुळे निव्वळ या गेमसाठी एक्सबॉक्स घेऊ नका.

स्टारफिल्ड २०२३ मध्ये आला तो फक्त एक्सबॉक्स आणि पीसीवर. पुढे मायक्रोसॉफ्टचं धोरणच फिरलं. इंडियाना जोन्स आणि फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आले, डूम: द डार्क एजेस तर पहिल्याच दिवशी. उलट दिशेने, म्हणजे सोनीकडून एक्सबॉक्सकडे, मात्र फारसं काही जात नाही. हेलडायव्हर्स २ सारखा अपवाद सोडला, तर स्पायडरमॅन २ किंवा गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक एक्सबॉक्सवर नाहीत. पीसीवर आहेत, पण उशिरा आलेले. म्हणून एकच कन्सोल घ्यायचा असेल तर आमचा कौल डिस्कवाल्या पीएस ५ ला. गेम संपला की डिस्क विकता येते. सिरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही, घेतलेला गेम कायमचा खात्यात अडकतो.

सिरीज एस परवडतो तो गेम पासवर (वर्गणी भरून बरेच गेम खेळू देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) भरपूर गेम चाळणाऱ्याला. पण प्लॅन आणि दर बदलत राहतात, तेव्हा वर्षाचा खर्च मांडूनच ठरवा. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये हाती येते ३६४ जीबी. त्यातली शंभराहून जास्त एकटा कॉल ऑफ ड्यूटी खातो. यूएसबी हार्डडिस्कवर सिरीजचे गेम ठेवता येतात, चालवता येत नाहीत. त्यासाठी खास एक्सबॉक्ससाठी बनवलेलं महागडं स्टोरेज कार्ड लागतं. पीएस ५ मध्ये बाजारातली जेन ४ एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) बसते: वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच.

घरी दमदार गेमिंग पीसी असेल, तर पीसी गेम पास घ्या आणि एक्सबॉक्स विसरा.

राहिला नागपूरचा उन्हाळा. पीएस ५ साठी सोनीने खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच धरलंय. मे महिन्याच्या दुपारी एसी नसलेली खोली सहज त्यापुढे जाते. म्हणून कन्सोल कूलरच्या थेट झोतात ठेवाल, तर ओलसर हवा आणि धूळ दोन्ही पंख्यातून आत जातात. सिरीज एसची गरम हवा वरच्या काळ्या गोल जाळीतून निघते, त्यावर काही ठेवू नका. पीएस ५ ची मागून निघते. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. बाजूचं कव्हर काढलं की धूळ साठणारी दोन भोकं दिसतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तिथे कमी वेगावर व्हॅक्यूम फिरवा.