‘मायनस वीसला चालते’ म्हणून विकलेली कॅम्पर व्हॅन

केळीला भाव बरा मिळाला की आमच्या रावेर-सावदा भागात पूर्वी दारात ट्रॅक्टर यायचा. आता काही घरांत फिरायची गाडी येते. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घ्यायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, हीटर बसवून घ्यायचा आणि जानेवारीत बर्फ बघायला हिमाचल गाठायचं. आम्ही दोघा भावांनी हेच केलं. गाडीचं काम करून देणाऱ्याने आम्हाला साडेसहा लाखांना फसवलं. पैशांचं एक वेळ जाऊ द्या, पण त्या गाडीत आमची मुलं झोपली होती. असं काम कुणाकडून करून घ्यायच्या बेतात असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं वाचा.

त्याचं वर्कशॉप बाहेरच्या मोठ्या शहरात. कोटेशनवर त्याने स्वच्छ लिहून दिलं होतं: भिंतीत आणि छतात थंडी अडवणारा ४० मिलिमीटर फोम, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, डिझेल हीटर, पाण्याची टाकी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उणे २० अंशांपर्यंत वापरण्यायोग्य’. गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा आतलं काम चकचकीत होतं. दादा म्हणाला, एक पॅनेल उघडून फोम दाखवा. त्यावर हसून उत्तर आलं, “भाऊ, प्लाय उघडली की वॉरंटी गेली. आणि तुमच्या जळगावात थंडी आहेच कुठं? इथे काय तपासणार? वर गेल्यावर बघा, टी-शर्टवर झोपाल.” कामाचे फोटो त्याने मोबाइलवर पाठवले. त्यात पत्र्यावर फोम नीट चिकटवलेला दिसत होता.

‘इथे तपासता येणार नाही’ हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी फसवणूक त्याच्या जोरावर उभी होती, आणि ते वाक्य साफ खोटं आहे. ते कसं, हे पुढे सांगतो.

थंडी म्हणजे काय हे केळीवाल्यांना सांगायला नको. पारा दहाच्या खाली गेला की बागेची वाढ थांबते, केळीवर चरका येतो, म्हणजे पानं-फळं थंडीने करपतात, रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करावा लागतो. पण आपली थंडी आणि शून्याखालची थंडी यांत फार फरक आहे. किन्नौरमधल्या कल्प्याला, सुमारे २,९०० मीटर उंचीवर, पहिल्याच रात्री तो कळला. झोपून दोन-तीन तास झाले असतील, वहिनीच्या तोंडावर पाणी पडलं. टॉर्च लावून बघतो तर छताच्या प्लायच्या सांध्यांतून थेंब गळत होते. खिडकीच्या चौकटीवर आतून बर्फाचा पापुद्रा धरलेला. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा सगळ्या गाडीला आतून घाम सुटला होता. माणसं झोपेत श्वासावाटे रात्रभर वाफ सोडत असतात, चहा-भाजीची वाफ वेगळी. फोम पत्र्याला गच्च चिकटलेला असेल तर ती वाफ थंड पत्र्यापर्यंत पोचत नाही. आमच्या गाडीत ती थेट पत्र्याला लागत होती.

पाण्याची टाकी त्याने गाडीच्या पोटाखाली उघडी टांगली होती. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. सकाळी नळाला पाणी नाही आणि पंपाचं डोकं तडकलेलं. हिवाळ्यासाठी केलेल्या गाडीत टाकी आणि पाइप आतच हवेत, हीटरची ऊब पोचते तिथे. एवढं सामान्य ज्ञान ज्याला नाही, किंवा आहे आणि तरी तो असं करतो, त्याने ‘उणे २०’ लिहून द्यावं?

खरी भीती हीटरची. त्या पहाटे घरच्या सगळ्यांची डोकी जड झाली होती, धाकट्याला उलट्या होत होत्या, वहिनीला उठवून बसवावं लागलं. आधी वाटलं, विरळ हवेचा त्रास असेल. दादाने दार उघडलं, सगळ्यांना बाहेर थंडीत आणलं, तेव्हा हळूहळू बरं वाटायला लागलं. खाली उतरल्यावर रामपूरला एका ट्रक मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने खाली झोपून बघितलं आणि मला हाताला धरून खाली वाकवलं. हीटरच्या धुराचा पाइप गाडीच्या कडेपर्यंत आणलेलाच नव्हता. पलंगाच्या बरोबर खाली तो संपत होता. वरचा पत्रा काजळीने काळा झाला होता. शेजारीच वायरी आत घेण्यासाठी पाडलेलं भोक, त्यात बोट जाईल एवढी फट, सीलंट नाही. शिवाय जाळण्यासाठी लागणारी हवाही हीटर आतूनच ओढत होता.

डिझेल हीटर बरोबर बसवला तर तो वाईट नाही. त्याची जळणाची खोली बंद असते. एक पाइप बाहेरून हवा घेतो, दुसरा धूर बाहेर टाकतो, आणि आपल्याला मिळणारी गरम हवा वेगळीच फिरत असते. दोन्हींचा संबंध यायला नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच, म्हणून डोंगरात माणूस फसतो आणि झोपेतून उठतच नाही. त्याचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालतो, पलंगाजवळ लावायचा असतो. आमच्या साडेसहा लाखांत तो नव्हता. कुणाचाही हीटर असो, आधी गाडीखाली वाकून धुराचा पाइप कुठे संपतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बर्फात गाडी उभी असेल तर त्या तोंडाशी बर्फ साचला नाही ना, हेही बघा. आणि कितीही गारठा असो, थोडी हवा आत येती ठेवा.

घरी आल्यावर गाडी सावद्याला नेली. आमच्याकडे केळीचे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्या, बांधणारे कारागीर आहेत. पफ पॅनेलचं, म्हणजे मधे फोम भरलेल्या पत्र्यांचं, काम त्यांच्या हातातलं. चेंबरमध्ये १६-१८ अंश धरून ठेवायचे असतात, एक सांधा उघडा राहिला तर विजेचं बिल बोलतं. अशाच एका ओळखीच्या भाऊंनी भिंतीवर नुसती बोटं वाजवली आणि म्हणाले, “पोकळ हाये.” मग कटरने वीतभर चौकोन कापला. आतून निघालं टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातलं थर्माकोल, तुकडे तुकडे, मधे मोकळी जागा. खिडक्यांच्या कडेने चंदेरी बबल शीट स्टेपल केलेली, म्हणजे बाहेरून डोकावणाऱ्याला काहीतरी दिसावं. लोखंडी फासळ्या उघड्या, त्यांच्यावर गंज धरलेला, प्लायची मागची बाजू काळी पडलेली. “अरे बापा, हे तं पॅकिंग हाये भो, इन्सुलेशन नाही,” ते म्हणाले. त्यांना मोबाइलवरचे ते फोटो दाखवले. त्यांनी लगेच खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवलं: फोटोतली चौकट गोल कोपऱ्याची, आमच्या गाडीची चौकोनी. गाडी दुसऱ्याच कुणाची होती.

आणि तपासायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. जो फोम आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही तोच बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही. थंडी नसेना का, खान्देशात ऊन तर आहे! गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी करायची, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, मग आत जाऊन भिंतीवर आणि छतावर तळहात फिरवायचा. फोम असेल तिथे भिंत जवळजवळ सारखी लागते. नसेल तिथे चटका बसतो, फासळ्यांच्या रेषा हाताला मोजता येतात. कारागिरांकडची तापमान मोजायची गन मिळाली तर आकडेच दिसतात. मे महिन्यात, पारा ४५ वर जातो तेव्हा तर कुणी लपवूच शकणार नाही, पण नोव्हेंबरच्या उन्हातही पत्रा पुरेसा तापतो. कुणी म्हणालं ‘तुमच्याकडे तपासता येत नाही’, तर गाडी त्याच्याच दारात उन्हात लावा. पुढची पायरी म्हणून एक रात्र सातपुड्यातल्या तोरणमाळला काढा. तिथे आणि अक्कलकुव्याच्या डाबला डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात, आणि काही बिघडलं तर घर जवळ असतं.

बॅटरीचंही तसंच. २०० अँपिअर-अवर आणि १२.८ व्होल्ट म्हणजे सुमारे २,५६० वॉट-अवर. पूर्ण चार्ज करून १०० वॉटचा दिवा लावून ठेवा. इन्व्हर्टरचं नुकसान धरूनही तो वीस तासांच्या वर चालला पाहिजे. आमच्याकडे संध्याकाळी लावलेला दिवा पहाटेच्या आत विझला. झाकण काढलं तर आत वापरलेले सेल, नव्या टेपमध्ये गुंडाळलेले, आणि सर्किटला तापमानाचा सेन्सरच नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, सेल कायमचे खराब होतात. चांगल्या बॅटरीत गारठा असताना चार्जिंग आपोआप तुटतं. ‘उणे २०’वाल्याने ही सोय नेमकी वगळली होती.

आरसीबद्दलही, म्हणजे गाडीच्या नोंदणीबद्दलही, तो बेधडक खोटं बोलला: “आत फर्निचर बसवलं, त्याला कशाला आरटीओ?” मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या अशा गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय कारण काढेल ते सांगायला नको. घरगुती सिलिंडर बसवून देतो म्हणणाऱ्यालाही तिथेच थांबवा, गाडीत तो वापरणं बेकायदा आहे.

दादाने सगळे पैसे बँकेतून दिले होते. ‘रोख द्या, जीएसटी वाचेल’ असं तो दोनदा म्हणाला, दादाने ऐकलं नाही. आज तक्रारीचा कणा तोच आहे: कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्याच्या गाडीचे फोटो असलेलं चॅट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालतो, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, वकिलामार्फत नोटीस पाठवली, मग जळगावला तक्रार दाखल केली. भिंत कापताना सुरुवातीपासून व्हिडिओ केला, कारागिरांचं म्हणणं लिहून सहीनिशी घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर रागाच्या भरात आधी दुरुस्ती करून बसू नका. पुरावा त्या भिंतीतच असतो.

नोटिशीला त्याचं उत्तर आलं आहे: गाडी आम्ही ‘चुकीच्या हवामानात’ वापरली. ‘उणे २०’ लिहिलेला कागद आम्ही त्याच उत्तराला जोडून आयोगात दिला आहे. निकाल लागेपर्यंत गाडी सावद्याला त्याच शेडमध्ये उभी आहे, कापलेला चौकोन तसाच उघडा ठेवला आहे. फैजपूर, यावल, भुसावळ, कुठूनही कुणी असं काम करून घ्यायच्या विचारात असेल तर येऊन आत हात घालून बघावं. पाइप कुठे संपतो तेही गाडीखाली वाकून दाखवू.