कोकणात खिशात कोणता चाकू ठेवावा: साधा फोल्डिंग, लॉकवाला, बटणाचा की सरळ कोयतीच?

‘पातं तीन इंचांच्या आत असेल तर काही होत नाही, बिनधास्त घ्या.’ चाकू विकणारे असं सांगतात, व्हिडिओंमध्येही हेच ऐकायला मिळतं. चिपळूण, कणकवली, मुरूड किंवा अलिबागला राहणाऱ्यानं, अथवा तिकडे सुट्टीला येणाऱ्यानं, या वाक्यावर विसंबून खरेदी करू नये.

तीन इंचांचा हा आकडा दोन ठिकाणांहून आला आहे. पहिलं ब्रिटन. तिथे तीन इंचांच्या आतल्या धारेचा, लॉक नसलेला, मिटणारा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो. दुसरं दिल्ली. १९८० साली दिल्ली प्रशासनानं शस्त्र कायद्याखाली अधिसूचना काढून बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी खटक्यानं उघडणारे) चाकू नियंत्रणाखाली आणले. त्यात पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, असं माप दिलं आहे. ती अधिसूचना दिल्लीपुरती आहे. रत्नागिरीच्या पोलीस ठाण्यात तिचा काही उपयोग नाही, तुमच्या बाजूनंही नाही आणि तुमच्याविरुद्धही नाही.

आपल्याकडे दोन वेगळे कायदे लागू होतात आणि दोघांची नजर वेगळी आहे. हे नीट कळलं की निवड बरीच सोपी होते.

पहिला म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. ही वस्तू कशासाठी बनवली आहे, हा त्याचा प्रश्न. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेलं धारदार हत्यार ‘शस्त्र’ ठरतं. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. इथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापराच्या वस्तूंना सूट आहे. म्हणजे खिशात मावणारा साधा चाकू मापानं या यादीपासून बराच दूर राहतो.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ३७(१) खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त शांतता राखण्यासाठी मनाई आदेश काढू शकतात. त्यातली यादी तुम्ही स्थानिक वर्तमानपत्रात वाचली असेल: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेणे. इथे वस्तू कशासाठी बनवली याला महत्त्व नाही. तिनं काय करता येईल हे पाहिलं जातं. माप नाही, इंच नाहीत. तीन इंची चाकू काय आणि कोयती काय, दोन्ही ‘कोणतीही वस्तू’मध्ये बसतात.

शिक्षाही हलकी नाही. कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायालयानं लेखी कारण नोंदवलं नाही तर चार महिन्यांपेक्षा कमी कैद देता येत नाही. पोलिसांच्या बातम्यांत ‘शस्त्र कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५’ अशी जोडी वारंवार दिसते, ती यामुळेच.

हे आदेश साधारण पंधरा दिवसांचे असतात आणि आपल्याकडे ते निघतात नेमके चाकरमानी गावात येतो तेव्हा: शिमगा, गणपती, निवडणुका, एखादं आंदोलन. म्हणूनच माझं ठाम मत असं की कोकणात चाकू निवडताना आधी तारीख पाहावी, मग पातं.

आता एकेक प्रकार.

साधा फोल्डिंग, लॉक नसलेला. स्विस पद्धतीचा लाल चाकू हा याचा ओळखीचा नमुना. विक्टोरिनॉक्सचा नेहमीचा चाकू मिटल्यावर ९१ मिलिमीटरचा असतो. सोबत कात्री, बूच काढायचा स्क्रू, डबा उघडायचं हत्यार. पातं नखानं ओढून उघडावं लागतं आणि ते फक्त स्प्रिंगच्या दाबानं उघडं राहतं. त्याच्याकडे पाहून कुणाला हत्यार आठवत नाही, आणि रस्त्यात तपासणी झाली तर याचा फरक पडतो. पोलिसासमोर तुमची वस्तू स्वतःच आधी बोलते, तुम्ही नंतर. आंबा कापणं, पिशवीची दोरी तोडणं, मुलांच्या बोटातला काटा काढणं, एवढंच काम असेल तर यापुढे जाऊच नये. खाऱ्या हवेतही स्टेनलेस पातं टिकतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून खोबरेल तेलाचा थेंब सोडला की झालं.

लॉकवाला फोल्डिंग. यात पातं उघडलं की खटक्यानं किंवा कडीनं पक्कं बसतं. आपल्या कायद्यात लॉकचा स्वतंत्र उल्लेखच नाही, त्यामुळे ‘लॉक आहे म्हणून बेकायदा’ हे ब्रिटनमधलं सूत्र इथे लावू नये. कायद्यापुरता साधा आणि लॉकवाला सारखेच. फरक बोटांचा आहे. होडीवर ओल्या हातानं जाळ्याचा दोर कापताना, आंब्याच्या कलमावर फांदीच्या बेचक्यात बसून एका हातानं काम करताना पातं अचानक मिटलं तर बोट जातं. अशा माणसानं लॉकच घ्यावा, आणि यात मला जराही शंका नाही. फ्रेंच ओपिनेलचा आठ नंबर बऱ्याच जणांना आवडतो. साडेआठ सेंटिमीटर पातं, फिरणारी कडी, लाकडी मूठ. दिसायला स्वयंपाकघरातल्या सुरीचाच भाऊ, म्हणून नजरेत भरत नाही. पण आपल्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. त्यातला कार्बन पोलादाचा प्रकार तर समुद्राजवळ बघता बघता गंजतो. घ्यायचाच तर स्टेनलेस घ्या. काळी, छिद्रांची, करवतीच्या दात्यांची ‘टॅक्टिकल’ पाती मात्र टाळा. काम तेच करतात, पण दिसतात हाणामारीसाठी बनवल्यासारखी, आणि शस्त्र कायदा नेमकं तेच विचारतो.

बटणाचा. हा घेऊ नका. बटण दाबलं की सटकन उघडणारा रामपुरी असो की ऑनलाइन मिळणारा फुलपाखरी, आंबा कापायला दोघांचीही गरज नसते. महाराष्ट्रात त्याच्या पात्याला दिल्लीसारखं माप घालून दिलेलं नाही, असा युक्तिवाद कोर्टात करता येईल. पण तो युक्तिवाद करण्यासाठी आधी कोर्टात उभं राहावं लागेल. गावाकडची अठरा-वीस वर्षांची पोरं असा चाकू मागवतात, रील करतात आणि तोच व्हिडिओ पुरावा होतो. पोरगा बारावीत किंवा भरतीच्या तयारीत असतो. पोलीस भरती, सैन्य, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणी आहे. घरात असा चाकू दिसला तर आईवडिलांनी तो काढून घ्यावा, एवढं कळकळीनं सांगतो. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याबद्दलही हेच. ते खंजिराच्या जवळ जातं आणि खंजीर यादीत नावानिशी आहे.

कोयती. कमरेच्या आकडीत कोयती अडकवून पाखाडी उतरणारा माणूस कोकणात कुणाला खटकत नाही, खटकूही नये. शेतीचं अवजार म्हणून शस्त्र कायदा तिला सोडतो. पण ही सूट तिच्या कामाला चिकटलेली आहे. नारळ पाडायला, झावळं तोडायला, गवत कापायला निघालेल्याच्या कमरेची कोयती अवजार. तीच रात्री दहाला बाजारपेठेत मोटरसायकलच्या सीटखाली सापडली तर अवजार म्हणून पटवून देणं अवघड. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्हा करण्याच्या इराद्यानं धोकादायक हत्यार घेऊन फिरण्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १२२ वेगळं आहे. आणि मनाई आदेशाच्या काळात शेतीच्या अवजारांना सूट आहे का, हे त्या आदेशाच्या मजकुरातच पाहावं लागतं. गृहीत धरू नये. त्या दिवसांत कोयती बागेतल्या मांगरातच राहू द्या, नेणं भागच असेल तर गोणपाटात गुंडाळून दिवसाढवळ्या कामाच्या वाटेनं न्या आणि वाटेत बाजारात थांबू नका.

मल्टिटूलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पक्कड, पेचकस आणि छोटं पातं, होडीच्या इंजिनवाल्याला आणि दुचाकीवाल्याला सोयीचं. कायद्याच्या दृष्टीनं ते साध्या फोल्डिंगच्याच रांगेत. वजन जास्त, एवढीच तक्रार.

काही जागा मात्र अशा आहेत जिथे चाकू कोणता याला अर्थच उरत नाही. अभयारण्य ही त्यातली सर्वात दुर्लक्षित. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे. गळ आणि जाळीसुद्धा. ट्रेकर मंडळींनी हे नीट ऐकावं. कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्याच्या आत आहे, त्यामुळे पनवेलहून सकाळी निघालात तर स्विस चाकू घरीच ठेवा. मुरूडजवळच्या फणसाडलाही तेच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे; तिथे पाणी असलं तरी कायदा हाच.

मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाण्यावर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४बी ची वेगळी बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. चिपी किंवा मोपाहून जाणार असाल तर तो चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत सोडून द्यावा लागेल. न्यायालयात जाताना तो घरी ठेवावा, हे सांगायलाही नको.

तर मग तुम्ही कोणता घ्यावा? मुंबईहून गावी येणारा, कधीतरी डोंगर चढणारा असाल तर लॉक नसलेला लाल चाकू, बॅगेच्या आतल्या कप्प्यात, खाण्याच्या डब्यासोबत. खिशातही नको. बागायतदार किंवा मच्छीमार असाल तर लॉकवाला स्टेनलेस, कामाच्या पिशवीत दोर, सुतळी, जाळ्याच्या सामानासोबत. काम संपलं की पिशवी घरी. ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणून घेणार असाल तर विचार सोडून द्या. तपासणीत ‘कशाला ठेवलाय?’ असं विचारल्यावर तुम्ही हे उत्तर दिलंत की तुमच्याच तोंडून ती वस्तू शस्त्र झाली. एकट्यानं प्रवास करणाऱ्या मुलींनाही हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. त्यांनी ११२ हा आपत्कालीन क्रमांक फोनवर तयार ठेवावा.

मनाई आदेश चालू आहे का, हे निघण्याआधी पाहायला पाच मिनिटं पुरतात. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक दैनिकात तो छापून येतो; सापडला नाही तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन करून सरळ विचारावं. पनवेल आणि उरणकडे हे आदेश नवी मुंबईचे पोलीस आयुक्त काढतात, त्यामुळे रायगड जिल्ह्याचा आदेश पाहून तिथला अंदाज बांधू नये. आणि बांद्याहून पत्रादेवी ओलांडलीत की महाराष्ट्र पोलीस अधिनियम मागे राहतो. गोव्यात जिल्हा दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश काढतात, तो तिकडचा वेगळा पाहावा.