नागपुरात होमस्कूलच्या पोरांसाठी लिव्हिंग बुक्समधून फिजिक्स, आमचा वर्षभराचा अनुभव

ज्यांची मुलं होमस्कूल आहेत आणि नववी-दहावीच्या वयाला आलीत त्यांना माहितीच आहे, भाषा, इतिहास सगळं घरी मस्त चालतं पण फिजिक्स आलं की आईबापांचे हातपाय गळतात आणि शेवटी पोट्टं गुपचूप कोचिंगमध्ये जाऊन बसतं. बजाजनगरच्या बाजूला एक ताई आमच्यासारख्या घरच्यांच्या छोट्या ग्रुपला दर शनिवारी फिजिक्स शिकवतात, गाइड नाही, नोट्स नाहीत, सगळं लिव्हिंग बुक्समधून. माझी लेक पंधराची आहे, तिला वर्षभर पाठवलं, आणि बरेच जण विचारून राहिले की कसं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिव्हिंग बुक म्हणजे ज्याला त्या विषयाचं खरंच वेड आहे अशा एका माणसानं मनापासून लिहिलेलं पुस्तक. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिकेची (१८४२ ते १९२३) ही पद्धत, मूल थोडंसंच वाचतं, पुस्तक बंद करतं आणि आपल्या शब्दांत सांगतं. गोष्टींच्या पुस्तकांना हे ठीक आहे पण फिजिक्सला कसं चालणार अशी मला खरी शंका होती, कारण फिजिक्समध्ये "समजलं" वाटणं आणि समजणं यात लय अंतर असतं.

तर सुरुवात झाली गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकापासून, टू न्यू सायन्सेस. म्हातारा माणूस, चर्चनं घरातच कैदेत ठेवलेला, पुस्तक छापायला हॉलंडमध्ये लायडनला पाठवावं लागलं, आणि लिहिलंय कसं तर तीन माणसांच्या गप्पांसारखं. १९१४ चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं, ताई त्यातली निवडक पानंच घेतात, पूर्ण पुस्तक नाही, आणि ते बरोबरच आहे कारण मधली भूमिती या वयाला जड जाते.

त्यात तो दगडांचा भाग आहे. जड दगड जास्त वेगानं पडतो असं मानू, मोठा ८ च्या वेगानं आणि छोटा ४ च्या. आता दोघं एकत्र बांधले तर छोटा मोठ्याला मागे ओढणार म्हणजे वेग ८ पेक्षा कमी व्हायला पाहिजे, पण बांधल्यावर ते दोन मिळून आणखी जड झाले म्हणजे वेग ८ पेक्षा जास्त व्हायला पाहिजे! दोन्ही एकदम कसं होईल? ग्रुपमधला एक मुलगा कधी तोंड उघडत नाही, त्याची सांगायची पाळी आली तर उठून त्यानं टेबलावरचा डस्टर आणि खडू रबरबँडनं बांधले आणि ते हातात धरून अख्खा वाद सांगितला, मधेच अडकला, "थांबा थांबा" म्हणून परत मागे जाऊन सांगितला. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. मला या पद्धतीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की सांगताना पोराला स्वतःलाच कळतं आपलं कुठे अडतंय, एमसीक्यूमध्ये ते कळत नाही.

नंतर उताराचा प्रयोग. गॅलिलिओनं बारा हात लांब लाकडी पट्टीत खाच पाडली, आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलं आणि ब्राँझची गोळी सोडली, आणि वेळ मोजायला घड्याळ नव्हतं म्हणून भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी तोलून मोजलं. पोट्ट्यांनी आठ फुटाचा ॲल्युमिनियमचा चॅनल घेतला, एका टोकाखाली दोन विटा, गोटी, वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनचा नळ आणि किचनमधला डिजिटल काटा. गोटी सुटली की नळ चालू, खाली टक्क वाजलं की बंद. पूर्ण लांबीला १३० ग्रॅमच्या आसपास पाणी यायचं आणि पाव लांबीला ६५ च्या आसपास, म्हणजे चौपट अंतराला दुप्पटच वेळ. थोड्या वेळानं आकडे हळूहळू कमी व्हायला लागले तर सगळे गोटीला दोष देऊन राहिले, शेवटी माझ्या लेकीच्या लक्षात आलं की कॅनमधली पाण्याची पातळी खाली गेली की धार मंदावते, मग भरून घेतलं की आकडे परत जागेवर. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात जातं हे सूत्र त्या दिवशी फळ्यावर शेवटी आलं, आणि कोणी पाठ केलं नाही तरी आजवर कोणी विसरलं नाही.

फॅरेडेचं मेणबत्तीवरचं पुस्तक मात्र माझ्या मते फिजिक्सच्या वर्गात जास्त ताणलं. पुस्तक सुंदरच आहे, लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला, आणि मुलांसाठी दिलेली ती सहा व्याख्यानं. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला लांबूनच काडी लावली की ज्योत उडी मारून वातीवर येते, तो प्रयोग पोरांनी घरी जाऊन सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला. पण निम्म्याच्या वर विषय केमिस्ट्रीचा आहे आणि त्यात इतके शनिवार गेले की विजेला घाई झाली. फॅरेडेनं १८३१ ला कॉइलमधून चुंबक सरकवून वीज तयार केली ते वाचन एकाच बैठकीत उरकलं, त्याला निदान दुप्पट वेळ हवा होता.

भाषेची अडचण पण सांगते. जवळपास सगळं इंग्रजी, तेही जुनं, सेमी इंग्लिशमधून बाहेर पडलेल्या मुलांना पहिले दोन महिने फार जड गेलं. ताई मोठ्यानं वाचून मराठीत समजावतात आणि सांगायचं मराठीतच चालतं हे चांगलं आहे. मराठीतून फक्त जयंत नारळीकरांचं आकाशाशी जडले नाते घेतलं, गुरुत्वाकर्षणाच्या वेळी, आणि त्या आठवड्यांत वर्ग किती मोकळा झाला ते बाहेर बसून पण कळत होतं. अशी आणखी मराठी पुस्तकं लागतीलच, कोणाकडे हायस्कूलच्या पातळीची असतील तर कृपया नावं सांगा, मी ताईंपर्यंत पोचवते.

सर सी. व्ही. रमणांवरचा भाग आपल्या गावाशी जोडलेला असल्यामुळे असेल पण खूप रंगला. रमण १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत नागपूरला होते हे मुलांना माहीतच नव्हतं, गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहे एवढंच ठाऊक. १९२१ ला बोटीनं परत येताना त्यांनी समुद्राचा निळा रंग नुसतं आकाशाचं प्रतिबिंब आहे का हे तपासलं, खिशातल्या निकोल प्रिझमनं (पोलरॉइड गॉगलसारखं काम करणारा स्फटिक) पृष्ठभागावरची चमक कापून. आमची पोट्टी पोलरॉइड गॉगल घेऊन अंबाझरी तलावावर गेली, तिरप्या कोनातून बघत गॉगल फिरवला की पाण्यावरची चमक जाते आणि परत फिरवला की येते, किती वेळ तेच करून राहिले होते.

आता मोठी उणीव. न्यूमेरिकल्स कमी पडतात, स्पष्टच सांगते. एनआयओएसमधून (ओपन स्कूलचं बोर्ड) बारावी करायची असेल तर फिजिक्सला थिअरी ८० आणि प्रॅक्टिकल २०, आणि तिथे गॅलिलिओची गोष्ट कोणी विचारत नाही. आम्ही घरी बाजूनं एच. सी. वर्मांचं फिजिक्सचं पुस्तक चालू ठेवलं, रोज थोडी गणितं, आणि तिथे फरक दिसला, लेक आधी आकृती काढते, काय मोठं काय छोटं याचा अंदाज लावते आणि मगच सूत्र शोधते. पण घरी कोणी बसवणारं नसेल तर फक्त या वर्गावर राहू नका. जेईई डोक्यात असेल त्यांनी तर हे आठवी-नववीतच करावं, अकरावीत वेळ मिळत नाही.

फी महिन्याला १२०० आहे, प्रयोगाचं सामान वाटून आणायचं. दोन तास बसतात, आईवडील मागे बसले तरी चालतं पण मुलांच्या ऐवजी उत्तर दिलं तर ताई बाहेर काढतात, आणि अगदी योग्य करतात. मे महिन्यात उन्हामुळे सुट्टी. नवीन बॅच जुलैपासून, त्यात न्यूटनचं १७०४ चं ऑप्टिक्स घेणार आहेत, ते त्यानं लॅटिन सोडून थेट इंग्रजीतच लिहिलंय आणि प्रिझमचे प्रयोग एका अंधाऱ्या खोलीत होतात. आम्ही तीन-चार पालकांनी मिळून महिन्यातला एक शनिवार फक्त गणितांना द्या म्हटलं तर ताई लगेच हो म्हणाल्या, त्यामुळे लेकीचं नाव परत टाकलंय.