चार घरांचे अवघड शब्द आणि वनलुक: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी शब्दकोड्यात लांब शब्द फारसे छळत नाहीत. अर्धा भरला की उरलेला दिसायला लागतो. अडून बसतात ते तीन-चार अक्षरांचे, बोलण्यात कधीच न येणारे शब्द. ई-टी-यू-आय म्हणजे सुया ठेवायची छोटी डबी. ई-आर-एन-ई म्हणजे समुद्री गरुड. ए-एन-ओ-ए म्हणजे सुलावेसी बेटावरची ठेंगणी रानम्हैस. कोडं रचणाऱ्याला मोठे शब्द एकमेकांत गुंफायचे असतात आणि मधल्या जागेत स्वरांनी भरलेले असेच शब्द बसतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्यासाठी गेले काही महिने मी वनलुक हे शब्दशोधाचं संकेतस्थळ वापरतेय.

वापर सोपा आहे. मिळालेली अक्षरं टाइप करायची आणि रिकाम्या घराला एकेक प्रश्नचिन्ह द्यायचं. मला सर्वात आवडलेली सोय मात्र वेगळी आहे: नमुन्यापुढे कोलन देऊन अर्थही लिहिता येतो.

एक उदाहरण देते. क्लू होता ‘खाणीचं प्रवेशद्वार’, चार घरं, पहिलं ए आणि शेवटचं टी. नुसतं ‘ए??टी’ शोधलं तर भलीमोठी यादी येते. मावशीसाठीचा इंग्रजी शब्दसुद्धा त्यातच. कोलन देऊन पुढे खाणीसाठीचा इंग्रजी शब्द टाकला आणि ए-डी-आय-टी, म्हणजे अ‍ॅडिट, समोर आला. लगेच घरात न भरता मी अर्थ उघडून वाचला. डोंगराच्या उतारातून खाणीत आडवा जाणारा बोगदा तो अ‍ॅडिट. उभा खोदलेला तो शाफ्ट. या बोगद्यातून माणसं जातात, पाण्याचा निचरा होतो, हवाही खेळते. एवढं वाचल्यावर शब्द डोक्यात पक्का बसला. नुसतं उत्तर उचललेले शब्द मात्र पुढच्या कोड्यापर्यंत टिकत नाहीत, हे मी ठामपणे सांगेन.

कोडं कुठल्या पद्धतीचं आहे यावरही बरंच ठरतं. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतं आणि तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. तिथे थोडा धीर धरला तर अनोळखी शब्द आजूबाजूच्या उत्तरांतून आपोआप भरला जातो, शोधाची गरजच पडत नाही. ब्रिटिश जाळीत बऱ्याच घरांना छेद देणारा शब्दच नसतो. चारपैकी दोनच अक्षरं हाती लागतात आणि बाकीची कुठूनही मिळत नाहीत. वनलुकचा खरा उपयोग मला तिथे झाला.

क्रिप्टिक कोड्यांसाठी, म्हणजे जिथे क्लूच्या शब्दखेळातच उत्तर दडवलेलं असतं अशा कोड्यांसाठी, मात्र मी ते उघडत नाही. समजा, क्लूमध्ये ‘हॅड आयटम’ असे शब्द आहेत आणि आत काहीतरी लपल्याचा इशारा आहे. अक्षरं सलग लिहा: एच-ए-डी-आय-टी-ई-एम. मधोमध तोच अ‍ॅडिट! हे स्वतःला दिसण्यात जो आनंद आहे तो कुठल्याही यादीत नाही, आणि आधी यादी पाहिली तर तो हातचा जातो.

यादी चाळताना क्लूचं व्याकरण हाताशी ठेवा. क्लू भूतकाळात असेल तर उत्तरही भूतकाळात. क्लू अनेकवचनी असेल तर शेवटचं अक्षर बहुधा एस. क्लूमध्येच संक्षेप केलेला असेल तर उत्तरही संक्षिप्त. ही चाळणी आपणच लावायची, पण तिने निम्मी यादी गळते.

विशेषनामांचं दुखणं वेगळं. ओ-टी-टी हा बेसबॉलपटू मेल ऑट अमेरिकन कोड्यांचा लाडका. त्याच्या नावावर ५११ होमरन आहेत, पण बेसबॉल न पाहणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? अशी नावं मी सरळ वहीत लिहून ठेवते.

आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द दिसले की मला फार बरं वाटतं, पण त्यांचं स्पेलिंग चकवतं. राणी आर-ए-एन-आय असते तशी आर-ए-एन-ई-ईसुद्धा असते. डाळीत कधी एच असतो, कधी नसतो. इथे आधी घरं मोजा, मग शोधा.