फिनलंडचं डेथ आणि ब्लॅक मेटल: 1992-93 चे तीन अल्बम, आणि कुठला आधी घ्यायचा

डेथ मेटल (जड गिटार आणि घशातून गुरगुरणाऱ्या आवाजाचं मेटल) म्हटलं की बहुतेक जण फ्लोरिडा नाहीतर स्टॉकहोमपासून सुरुवात करतात, आणि ब्लॅक मेटलचा (त्याचाच कच्च्या, काळोख्या आवाजाचा भाऊबंद) विषय निघाला की गाडी नॉर्वेच्या पुढे सरकत नाही. यात फिनलंड राहून जातं, आणि तेच चुकतं. तिथल्या बँडना वेगाची घाई नव्हती आणि विचित्र वाटण्याची लाजही नव्हती. खालचे तीन अल्बम मुद्दाम ऐकायच्या क्रमाने दिले आहेत. सगळ्यात भारी शेवटी आहे, पण तो पहिला ऐकलात तर बाकीचे दोन कधी लावणार नाही, अशी दाट शक्यता आहे.

सुरुवात डेमिगॉडच्या 'स्लंबर ऑफ सलन आइज' (1992) पासून करा. बँड लोइमा या छोट्या गावचा, आणि अल्बम काढला स्पेनच्या ड्राउन्ड प्रॉडक्शन्सने. इंट्रो संपला की 'अ‍ॅज आय बिहोल्ड आय डिस्पाइज' सुरू होतं आणि बँडची सगळी रीत त्या एका गाण्यात कळते. खाली जाड, उतरवलेल्या तारांची रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) चालू असते आणि तिच्यावर दुसरी गिटार ट्रेमोलो पिकिंगने, म्हणजे तार झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडत, एक लांब, उदास सुरावट ओढत नेते. गायक एसा लिंडेनचा ग्राउल (घशातला गुरगुराट) इतका खोल आहे की शब्द शोधू नका. तो तालाशी किती घट्ट बांधलेला आहे तेवढं बघा. स्वीडिश बँडसारखा करवतीचा आवाज इथे नाही. गिटार घट्ट आणि कोरडी आहे, त्यामुळे सुरावटी स्वच्छ उमटतात.

उणं काय, तर उत्तरार्ध. 'ट्रान्समायग्रेशन बियाँड इटर्निटीज' आणि त्याच्या पुढचं 'टुवर्ड्स द श्राउडेड इन्फिनिटी' एका दमात ऐकली तर कुठलं कधी संपलं ते लक्षात राहत नाही, दोघांची चाल इतकी जवळची आहे. अल्बम दोन बैठकींत ऐकावा, शीर्षकगीतानंतर थांबावं. एक्स्ट्रीम म्युझिकने तो पुन्हा काढला आहे. जुन्या डेमोसकट (अल्बमआधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणासकट) मिळाला तर तोच घ्या. दहा वर्षांनी आलेल्या 'शॅडो मेकॅनिक्स'च्या (2002) नादी मात्र लागू नका. नाव तेच असलं तरी आवाज पार बदललेला आहे.

दुसरा अल्बम ब्लॅक मेटलचा: बेहेरिटचा 'ड्रॉइंग डाउन द मून' (1993, स्पाइनफार्म). हा बँड रोवानिएमीचा, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वर्तुळावरचा. आधीच्या 'द ओथ ऑफ ब्लॅक ब्लड'वरून यांची परीक्षा करू नका. तो अल्बम म्हणून विकला गेला खरा, पण मुळात लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, एक डेमो आणि एक ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) एकत्र चिकटवून काढलेला माल आहे, आणि आवाजही तसाच. 'ड्रॉइंग डाउन द मून' हे वेगळंच प्रकरण आहे. रिफ दोन-तीन सुरांच्या. गाणी बहुतेक आखूड. गाणारा ओरडण्यापेक्षा इफेक्टमधून फुसफुसतो जास्त. मध्ये मध्ये कीबोर्डचे तुकडे येतात, 'न्यूक्लियर गर्ल'मध्ये तर गिटार जवळपास बाजूलाच पडते.

'द गेट ऑफ नॅना' इथलं सगळ्यात महत्त्वाचं गाणं. ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान सलग मारा) नाही, मध्यम लय, आणि एकच रिफ पुन्हा पुन्हा. तांत्रिकदृष्ट्या ती पहिल्या महिन्यातला विद्यार्थीही वाजवेल. तरी ती चालते, कारण रिफ बदलत नसताना वरचा आवाज आणि प्रतिध्वनी सरकत राहतात, आणि लक्ष हळूहळू रिफवरून त्या पोकळीकडे जातं. 'समरलँड्स' लावल्यावर अ‍ॅम्बियंटची (ठेक्याऐवजी वातावरणावर चालणाऱ्या संगीताची) आवड नसलेले लोक पुढचं गाणं लावतात. लावू नका, त्याच्याशिवाय पुढचं 'वेअरवुल्फ' नुसताच गोंगाट वाटेल. आक्षेप एवढाच की वेगवान गाण्यांत ड्रम सैल पडतात, आणि काही गाणी रंगायला लागली की संपतात. पुढे बँडच्या नावावर आलेला 'एच418ओव्ही21.सी' (1994) निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे. मेटलसाठी येणाऱ्याने थेट 2009 च्या 'एन्ग्रॅम'वर उडी मारावी.

आता डेमिलिच. कुओपिओचा बँड, एकच पूर्ण अल्बम: 'नेस्पिथे' (1993). 11 गाणी, साधारण 39 मिनिटं. गायक अंटी बोमनचा आवाज ऐकून पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते, कारण तो ग्राउल नाही, डबक्यातल्या बेडकाने ढेकर द्यावी तसा आहे. आवाजावर कुठलाही इफेक्ट वापरलेला नाही, हे अल्बमच्या पुस्तिकेतच छापलं आहे, आणि छापायची गरज होतीच. तो आवाज चढत नाही, उतरत नाही, सात-आठ गाण्यांनंतर कंटाळाही येतो. पण त्याचं काम वेगळं आहे: त्याला तालवाद्यासारखं ऐका, मग गिटार मोकळी होते.

खरी कमाल गिटारमध्येच आहे. रिफ सरळ रेषेत जात नाही, एका तारेवरून मधली तार सोडून तिसरीवर उडी मारते, मध्येच थांबते, आणि आपण जिथे सम धरून बसतो तिथे ती नसते. 'द एको'पासून ऐकायला घ्या, त्यातल्या त्यात तेच पायाला ठेका देतं. पहिल्याच 'व्हेन द सन ड्रँक द वेट ऑफ वॉटर'वर नंतर या. तीन-चार वेळा ऐकल्यावर रिफ गुणगुणता येऊ लागतात, आणि गुंतागुंतीचं डेथ मेटल वाजवणाऱ्या बहुतेक बँडना हेच जमत नाही. गाण्यांची नावं दोन-दोन ओळींची आहेत, त्यांचा अर्थ लावत बसू नका. स्वार्ट रेकॉर्ड्सचा 2014 चा संग्रह घेतला तर अल्बमबरोबर डेमोही येतात. फक्त 'नेस्पिथे' हवा असेल तर तेवढा खर्च कशाला?

ऐकण्याबद्दल थोडं. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला सुमारे 82 हर्ट्झवर वाजते आणि डेथ मेटलमध्ये ती आणखी खाली उतरवतात. मोबाइलच्या स्पीकरवर तो मूळ सूर पोचतच नाही, उरतो फक्त खरखराट. त्यावरून मत बनवू नका. हेडफोनचा बेस बूस्ट बंद ठेवा, नाहीतर डबल बेस ड्रम (दोन्ही पायांनी वाजवलेला जाड ड्रम) रिफ गिळून टाकतो. आवाज चिखलासारखा वाटला तर इक्वलायझरवर 250 हर्ट्झच्या आसपास 2-3 डेसिबल कमी करा, खालचं काही वाढवू नका.

हे तीनही पचले आणि त्यानंतरच्या काळातलं काही हवं असेल, तर हेलसिंकीच्या क्रिप्ट्सचा 'अनएन्डिंग डिग्रेडेशन' (2013) घ्या. डेमिलिचचा वेडेपणा त्यात शोधू नका. संथ, जड, डूमकडे (अतिसंथ, उदास मेटलकडे) झुकलेलं डेथ मेटल आहे, आणि डेमिगॉडच्या सुरावटी आवडलेल्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल.