सोसायटीची बिलं मेल करायला क्रॉन बरा की गूगल शीट?

आमची सोसायटी सिंहगड रोडला, १६८ फ्लॅट, आणि दर महिन्याला मेंटेनन्सची बिलं मेल करायचं काम माझ्या गळ्यात. दोन्ही प्रकार वापरून झालेत, आधी होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) पीएचपी भाषेतली स्क्रिप्ट आणि ती ठरल्या वेळी आपोआप चालवणारा क्रॉन, आता गूगल शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटमधेच छोटा प्रोग्रॅम लिहायची गूगलची सोय.

वेळेला क्रॉन पक्का, मिनिटही चुकत नाही. फक्त सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर सकाळच्या ९ साठी ३:३० लिहावं लागतं, मी सरळ ९ टाकले आणि बिलं गेली दुपारी अडीचला, ऐन वामकुक्षीत. ॲप्स स्क्रिप्टचा रोजचा ट्रिगर (तिला आपोआप सुरू करणारी सोय) ९ ते १० मधे कधीतरी लागतो, बिलांना तेवढं चालतं.

डोकं खाल्लं ते लॉगने, म्हणजे कुणाला मेल गेला त्या नोंदींनी. माझी पीएचपी स्क्रिप्ट सगळे मेल गेल्यावर शेवटी एकदम लॉग लिहायची (चूक माझीच), एकदा ती मधेच मेली, लॉग कोरा, कुणाला गेलं कुणाला नाही काही कळेना म्हणून परत सगळ्यांना पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन, "बिल दोनदा आलंय, दोनदा भरायचं का?" मग एकेका मेलमागे लॉग लिहायला लावला, पण ती फाईल उघडता येणार फक्त मला, म्हणजे सेक्रेटरींनी "बी विंगला गेलं का रे?" विचारलं की मी ऑफिसातून लॉगिन करून बघत बसायचं.

शीटमधे नावाशेजारीच तारीख-वेळ पडते, सेक्रेटरी मोबाईलवर स्वतःच बघतात. तो रकाना रिकामा असेल त्यालाच मेल जातो, त्यामुळे स्क्रिप्ट परत चालवायची भीती गेली. प्रत्येक नोंदीनंतर फ्लश (नोंद लगेच शीटमधे उतरवायची आज्ञा) मात्र करा, नाहीतर एका वेळी ६ मिनिटंच चालायची मर्यादा संपून स्क्रिप्ट तुटली तर मेल गेलेला आणि नोंद नाही असं होऊ शकतं.

अडचण एकच, साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. पैसे भरून गूगलचं वर्कस्पेस खातं घेतलंत तर १५००. हजारोंनी पाठवायचे असतील तर माझं ऐकू नका, क्रॉन आणि चांगली मेल सर्व्हिस घ्या. आम्ही फुकटवाले, स्क्रिप्ट उरलेला कोटा बघून थांबते आणि बाकीचे दुसऱ्या दिवशीच्या ट्रिगरला जातात. त्यात सी विंगला बिल एक दिवस उशिरा मिळतं, पण त्याबद्दल अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.